शितलच्या कागदावरची घरं

उधव्यापुढचा पाडा, ता. तलासरी
१७ नोव्हेंबर २०२४

शितल,

पत्र मिळालं तर मिळालं एवढं तरी कळव. पत्ता तू शिकवतेस त्या कॉलेजचा घातला आहे, छापील कागदाच्या तळाशी होता तो. सुरतचा पिन नंबर दोनदा ताडून पाहिला. पोस्टातली बाई म्हणाली, आजोबा, आता पत्र कोण लिहितं, फोन लावा. तिला काय सांगू? तुझ्या भावाच्या, उमेशच्या फोनवरून लावला तर तू उचलत नाहीस. आणि दुसऱ्याचा फोन मागून बापाने चोरासारखं लेकीशी बोलायचं, ते मला जमत नाही.

छापील कागद देवजीने आणला. आपल्याच पाड्यावरचा देवजी, डहाणूला इराणी रोडवर बंगल्याची राखण करतो तो. दिवाळीला घरी आला होता. कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, "लहान्या, तू चौथी शिकलास ना रं? मग वाच. हे कोणाचं नाव हाय?"

बोट ठेवून वाचलं. तुझं होतं. वर मोठ्या अक्षरांत, ‘डहाणू पायी पाहा : नव्या बांधणीची घरं’. स्टेशनपासून समुद्रापर्यंत कोणती इमारत कुठे, तिच्यात काय बघायचं, ते सगळं तू लिहिलं आहेस. हा कागद हातात धरून कोणीही एकट्याने फिरावं, सांगणारा माणूस लागत नाही, असंही लिहिलं आहेस.

मग देवजीने बाकीचं सांगितलं. दोन वर्षं झाली, थंडीत तू कॉलेजच्या मुलांना घेऊन येतेस. मुलं कागद घेऊन फिरतात आणि तू ती परत येईपर्यंत देवजीच्या बंगल्याच्या ओट्यावर बसतेस. त्याचा चहा पितेस. आई बरी आहे का, विचारतेस. म्हणजे डहाणूपर्यंत येतेस आणि तिथूनच परत जातेस.

राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं थकल्यासारखं झालं, बाजेवर बसून राहिलो.

आता कामाचं लिहितो. नव्या घरासाठी तू काढलेला नकाशा उमेशने घेतला नाही. तू परीक्षेत असताना कुडाच्या भिंती पाडल्या आणि स्लॅबचं घर बांधायला काढलं. तू आलीस, ढिगाऱ्यापाशी उभी राहिलीस आणि या घरात पाय ठेवणार नाही म्हणून निघून गेलीस. त्यावर मी आज वाद घालत नाही. स्लॅबला मीच हो म्हणालो होतो आणि आज विचारलं तरी हो म्हणेन. दरवर्षी कारवीच्या काठ्या तोडून आणा, कुडाची भिंत बांधा, सारवा, वाळवी लागलेला खांब बदला, ते तू केलेलं नाहीस. तू शाळेत होतीस, ते बरंच होतं.

पण तू गेलीस आणि चूल राहिली. आपल्यात नव्या घरातली पहिली चूल घरच्या लेकीने पेटवायची. तोवर आत काही शिजवायचं नाही. आणि जिने पेटवली तिचं ते माहेर. तुला हे सांगायला नको. तिसरं वर्ष चालू आहे, तुझी आई घरामागे उघड्यावर तीन दगडांवर भात शिजवते. आतल्या ओट्यावर गॅसची शेगडी आहे, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. तुझी वहिनी दक्षा म्हणते, "आईचं किचन सगळ्यांत मोठं, छप्परच नाही." ती उंबरगावकडची, तिच्या बोलण्यात थट्टा असते, मनात काही नसतं. पण तिला आता दिवस गेलेत. जानेवारीत बाळंत होईल. बिनचुलीच्या घरात पोर कसं आणायचं, असं पाड्यातली म्हातारी माणसं म्हणतात. उमेश म्हणतो, मग माझ्या चुलतबहिणीला बोलवा. म्हणजे पुतळीला, माझ्या भावाच्या मुलीला.

पुतळी चांगली आहे. पण तिने चूल पेटवली की घर तिचं माहेर झालं, शितल. तुझं नाही. हे बोलण्यापुरतं नसतं. सणाला बोलावणं तिला, भावाच्या दारात हक्काने येऊन बसणं तिला. तू आलीस तर पाहुणी.

या डिसेंबरात येणार आहेस का? तारीख कळव. तोवर मी तुझा कागद घेऊन फिरून बघतो. तुला काय आवडतं ते कळलं तर तुझ्याशी काय बोलावं तेही कळेल.

तुझा बाप
लहान्या


२६ नोव्हेंबर २०२४

शितल,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल. दोन्हींची काळजी वाटते.

काल फिरलो. आईला सांगितलं, डोळे दाखवायला जातो. तलासरीला एसटी चुकली. दुसरीने चारोटी नाक्यापर्यंत गेलो, तिथून डहाणूच्या गाडीत उभ्याने. स्टेशनवर उतरून कागद काढला. लोकांना वाटलं असेल म्हातारा पत्ता शोधतो आहे. एका रिक्षावाल्याने तीनदा विचारलं, कुठे जायचं काका? मी म्हणालो, कुठेच नाही, घरं बघतो आहे. मग तो गेला.

पहिला देवजीचाच बंगला. नळीच्या नाही, चपट्या कौलांची उतरण, लाकडी कठडा, घराला वळसा घालून ओटा. तू लिहिलं आहेस, नव्या घरांकडे जाण्याआधी हे एक जुनं बघा म्हणजे फरक कळेल. बरोबर आहे. मी ओट्यावर टेकलो. देवजी आतून ओरडला, "काय रं लहान्या, बंगला विकत घेतोस काय?"

"भाव काय?" मी विचारलं.

"तुझ्या टोपीसकट तुला विकला तरी दरवाजा येणार नाय."

पुढचं घर गोल कोपऱ्याचं. खिडक्यांवरून सिमेंटच्या पट्ट्या सरळ वळून दुसऱ्या भिंतीवर जातात. तू लिहिलं आहेस, हे घर जहाजासारखं बांधलं आहे, त्या काळी तशी आवड होती. झाईला मी किती वेळा गेलो आहे, तिथे किनाऱ्याला लागलेल्या बोटी पाहिल्या आहेत. त्यांतली एकही अशी नव्हती. पण दुसऱ्या बाजूने गेलो आणि खालून वर बघितलं तेव्हा थोडं पटलं. पुढे जायला निघालं आहे असं वाटतं खरं. कशाला आणि कुठे ते घरातल्या माणसांना माहीत.

मग ते वाडीतलं. चिकूच्या झाडांआड असल्यामुळे आधी दिसलंच नाही. भिंतींना गिलावा नाही, रंग नाही, साच्याच्या फळ्यांचे वळ तसेच सिमेंटवर उमटलेले. तू लिहिलं आहेस, हे घर काही लपवत नाही. शितल, मला वाटलं गिलाव्याच्या आधी मालक वारला. फाटकापाशी एक बाई चिकू निवडत होती, तिला विचारलं तर म्हणाली, "नाय हो, पन्नास वर्षं असंच हाय. बांधलं तवापासून लोक विचारतात." आत गार असतं म्हणाली. आपला स्लॅब मे महिन्यात तापतो, रात्री आई अंगणात झोपते. मग हा स्लॅब का तापत नाही? उंच आहे म्हणून, की झाडं आहेत म्हणून? हे तू कागदावर लिहायला हवं होतंस. लोकांना ते लागतं.

काचेच्या इमारतीपर्यंत गेलो. खाली दुकानं, वर सगळी निळी काच. समोर उभा राहिलो तर काचेत एक म्हातारा, टोपी वाकडी. टोपी नीट केली. आतून कोणीतरी हसलं. त्या इमारतीबद्दल तू फक्त एवढंच लिहिलं आहेस की दुपारी इथे थांबू नका, डोळे दिपतात. मी ते नंतर वाचलं.

पुढे गेलो नाही. पाय दुखत होता. बाकीचं पुन्हा केव्हातरी.

लहान्या


४ डिसेंबर २०२४

शितल,

राहिलेलं पाहून आलो. समुद्राकडच्या रस्त्यावरची ती मोठी बिल्डिंग, दारात पांढरे खांब, वर घोडे. तू लिहिलं आहेस, हे खांब काही पेलत नाहीत, वाजवून बघा, पोकळ आहेत. मी वाजवले. वॉचमनने हाकललं. मुलांना असलं सांगत जाऊ नकोस.

मग टमटमने चिखल्याला. तुझ्या कागदावरचं शेवटचं. पाहुण्यांसाठी कुडाच्या झोपड्या बांधल्या आहेत, भिंतीवर पांढरी चित्रं, आत थंड हवेची मशीन. इथे जुन्या घराची आठवण जपली आहे, असं तू लिहिलं आहेस. मी भिंतीला हात लावला. कारवी खरी आहे, पण वरचं सारवण शेणाचं नाही, त्या रंगाचं सिमेंट आहे. झाडू मारणाऱ्या बाईला विचारलं, शेण का नाही लावत? तिचं नाव बारकी, चिखल्याचीच.

"आजोबा, पाहुण्यांना वास चालत नाय."

"मग कूड कसा चालतो?"

"फोटोला चालतो."

"आणि तुझं घर कशाचं?"

"स्लॅबचं!" हसायला लागली. "औंदाच झालं. तुम्हाला काय वाटलं, मी पण हितं राहते?"

तुझ्यावर टीका करत नाही. तू शिकलेली आहेस, तुला त्यात काहीतरी दिसत असेल. मला एवढंच वाटलं, की ज्या घरासाठी तू भावाशी बोलणं सोडलंस ते घर बघायला तुला चिखल्याला यावं लागतं, आणि तेही बाहेरूनच.

त्या दिवशी कागदावर नसलेली एक इमारतही पाहिली. सरकारी, जुनी, लांबच लांब. छत उंच, पंखे लांब दांड्याचे, खिडक्यांच्या वरच्या काचांना हिरवा रंग, म्हणून उजेड विहिरीतल्यासारखा. एका कोपऱ्यात ओल आली आहे, तिचा आकार बैलाच्या तोंडासारखा. उताणं पडून बघितल्याशिवाय तो दिसत नाही. देवजीने पोचवलं. काही नाही, ऊन लागलं. सलाईन संपेपर्यंत वेळ होता म्हणून छत नीट बघून घेतलं. डॉक्टर छातीचा फोटो काढायला सांगतात, ते सगळ्यांनाच सांगतात.

आईला हे सांगितलेलं नाही. तुलाही सांगत नाही, इमारतीबद्दल लिहितो आहे.

लहान्या


११ डिसेंबर २०२४

शितल,

कार्ड मिळालं. त्यावर ‘शनिवार, चौदा तारीख’ आणि ‘उन्हात फिरू नका’ एवढंच आहे. देवजीच्या पोटात काही राहत नाही.

उमेशने पुतळीला सांगून टाकलं. बावीस तारखेचा रविवार. नारळ आणला आहे.

मी शनिवारी देवजीच्या ओट्यावर असेन. तुझं काम असेल ते आधी उरक. मी मध्ये बोलणार नाही.

लहान्या


१६ डिसेंबर २०२४

शितल,

शनिवारचं सगळं लिहून ठेवतो. नाहीतर पुढे मला वेगळंच आठवेल आणि मी तेच खरं धरून बसेन.

तू आलीस तेव्हा मी कठड्याला टेकून बसलो होतो. चष्मा आला आहे तुला. मुलांना काय काय सांगत होतीस, मी ऐकत होतो, सगळं कळलं नाही. मुलं कागद घेऊन पांगली. मग तू माझ्याकडे वळलीस.

"कधी आलात, बाबा?"

"आत्ताच."

"खोटारडा!" देवजी म्हणाला. "पहिल्या गाडीने आलाय. दोन चहा झाले माझे."

तू हसलीस. मला वाटलं, झालं, आता सगळं सोपं होईल. तू म्हणालीस, गिलाव्याचं जे लिहिलं होतं ते मुलांना वाचून दाखवलं, सगळी हसली. आणि स्लॅब तापण्याचं पुढच्या वेळी छापीन. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. पत्र बापाचं, वर्गात वाचायचं असतं का?

मग तू विचारलंस, "उमेशने पाठवलंय तुम्हाला?"

"मी आलोय मुऱ्हाळी. तुला न्यायला."

"मुऱ्हाळी बाप नसतो, बाबा. भाऊ असतो."

ते खरं आहे. लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो. माझ्या बहिणीला आणायला मीच जात होतो, माझा बाप कधी गेला नाही.

"तो कंपनीत आहे," मी म्हणालो. "शनिवारची सुट्टी नसते."

"उद्या रविवार आहे. मुलांना गाडीत बसवून मी इथेच लॉजवर राहते. त्याला म्हणावं, ये. माफी नको, काही बोलायलाही नको. दारात नुसता उभा राहिला तरी मी त्याच्या मागे बसून येईन."

"आणि नाही आला तर?"

तू बराच वेळ चष्मा पुसलास. "मग पुतळीला करू दे. ती काही परकी नाही."

मी घरी येऊन उमेशला जसंच्या तसं सांगितलं. तो जेवत होता, घरामागे, आईच्या चुलीपाशी. म्हणाला, "मी तिच्या दारात उभा राहू? माझं दार बघायला ती आली का एकदा तरी? कॉलेजात आपल्या घराचे फोटो लावले तिने, लोक म्हणाले किती सुंदर. पावसात त्या सुंदर घरात फणा काढून साप निघाला तेव्हा कोण होतं, ती की मी?"

आई म्हणाली, "साप तुम्ही दोघांनी पण बघितलात. जेव आता."

त्याचं हे म्हणणं तुला माहीत आहे असं समजतो. आता जे माहीत नाही ते लिहितो. रविवारी सकाळी तो उठला, मोटारसायकल धुतली, तो निळा शर्ट घातला जो लग्नकार्याला घालतो. कुठे जातोस, कोणी विचारलं नाही. दुपार टळल्यावर परत आला, एकटा. कागदात बांधून वडे आणले होते. वडे चारोटीचे. दक्षाने कागद बघूनच ओळखलं. म्हणाली, "एवढं तेल जाळलंत ते वड्यांसाठी?" तो आत जाऊन झोपला.

तो चारोटीपर्यंत आला होता, शितल. नाक्यावर डहाणूच्या रस्त्याला वळायचं की नाही, तिथे किती वेळ बसला मला माहीत नाही. वडे गार झाले होते.

आणि तूही लॉजवर दुपारची गाडी सोडून संध्याकाळपर्यंत थांबलीस, असं देवजी सांगतो. तुला वाटेल कोणी आलंच नाही. म्हणून हे पत्र घाईने टाकतो आहे. निम्म्या वाटेवर आला होता. मी त्याची बाजू घेत नाही.

बावीसला अजून वेळ आहे.

लहान्या


८ जानेवारी २०२५

शितल,

लिहायला उशीर झाला. हाताला कंप आहे. छातीचा फोटो काढला, गोळ्या दिल्या आहेत, त्या घेतो.

दक्षाला मुलगी झाली. तीन तारखेला, कासाच्या दवाखान्यात, दोघी बऱ्या आहेत. आई म्हणते कपाळ शितलचं आहे. मला अजून तसं काही दिसत नाही, पण मी वाद घालत नाही.

बावीस तारखेचं सांगायचं टाळत होतो. पुतळी आली होती. नवी साडी, पण चेहरा उतरलेला. गॅस पेटवून चालत नाही, लाकडाची चूल हवी, असं म्हाताऱ्या म्हणाल्या, म्हणून उमेशने आत फरशीवर मातीची चूल मांडली. पुतळी तिच्यापुढे बसली आणि काडी हातात धरून तशीच राहिली. म्हणाली, "काकी, तुम्ही हो म्हणा, मग पेटवते. मला शितलच्या जागेवर बसल्यासारखं होतंय."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. उमेश भिंतीकडे बघत होता.

आई म्हणाली, "पेटव गं. पोर यायचंय, घर थंड नको." आणि पुतळीच्या डोक्यावरून हात फिरवला.

चूल पेटली. भात झाला, सगळे जेवले, नारळ फुटला. पुतळीचा मान झाला. तुला खोटं सांगणार नाही, घरात धूर भरला तेव्हा मलाही बरं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ते घर घरासारखं वाटलं.

मग सगळे गेल्यावर आई मागे गेली आणि तिने आपल्या तीन दगडांत लाकडं सारली. दक्षा म्हणाली, "आई, आता तरी आत या ना. आता काय?"

"आतली पुतळीने पेटवली. ती तुमची," आई म्हणाली. "ही शितलची. ती येईल तेव्हा विझवीन."

तेव्हापासून आमच्याकडे दोन चुली आहेत. तुला माहीत आहे पाड्यात याचा अर्थ काय होतो. एका घरात दोन चुली म्हणजे वाटणी. विहिरीवर मला विचारतात, "काय रं लहान्या, म्हातारपणी वेगळा निघालास काय?" मी सकाळी मागे खातो, संध्याकाळी आत खातो, म्हणजे कोणाला वाईट वाटू नये. दोन्हीकडे थोडं थोडं. त्यामुळे पोट कुठेच भरत नाही. मी आईला समजावलं, भांडलो, एक दिवस बोललो नाही. आता दमलो.

गेल्या रविवारी उमेशने मागे चार बांबू रोवले आणि आईच्या चुलीवर दोन पत्रे टाकले. दक्षा बाळाला घेऊन खिडकीत होती. तिने विचारलं, "हे कशाला आता?"

"आईला दव लागतं," तो म्हणाला.

तीन पावसाळे आई तिथे डोक्यावर गोणपाट घेऊन भिजली, तेव्हा त्याला दिसली नव्हती. त्याने पत्र्याला वजन म्हणून दगड ठेवले, मग घरामागे पडलेला जुन्या घराचा उंबरा ओढत आणला आणि चुलीसमोर आडवा टाकला, बसायला. आई उंबऱ्यावर कधी बसत नाही. ती जमिनीवर बसते. हे त्याला माहीत आहे.

तो तुला न्यायला येईल असं मी लिहीत नाही. मला त्याचं खात्रीने काही सांगता येत नाही. पण या महिन्यात मुलांना नसेल आणायचं तर तू एकटी ये. पुढच्या दाराने नको, तिथे पुतळीचा मान झाला आहे, लोक बोलतील. उधव्याला उतरलीस की विहिरीकडच्या वाटेने चढ आणि मागून ये. कुत्रं नवीन आहे, तुला ओळखत नाही. म्हणून सकाळच्या गाडीच्या वेळेला मी त्याला बांधून ठेवतो. रोज बांधतो.

तुझा बाप
लहान्या